वरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की अंगातलं बंद पडतं का?

राम राम मंडळी. आजचा विषय घरात चारचौघात बोलायला अवघड वाटेल असा आहे, तरी रेडिओ बंद करू नका, उलट घरात जिमला जाणारा पोरगा असेल तर त्यालाही हाक मारा.

जळगाव, धुळे, नंदुरबारच काय, तालुक्याच्या गावातसुद्धा आता जिम झाल्यात. चांगलंच आहे, पोरं घाम गाळतात, पोलीस भरतीची तयारी करतात. पण तिथंच कुणीतरी सांगतं, भो, एक सायकल मार, दोन महिन्यात बॉडी दिसेल. म्हणजे टेस्टोस्टेरॉनची, त्या पुरुषी हार्मोनची, नाहीतर तसल्याच स्टिरॉइडची इंजेक्शनं. पोरांना वाटतं की अंगातलं हार्मोन तर आहेच, त्यात वरून थोडी भर. पण भर पडत नाही हो, वरचं आलं की आपलं बंद व्हायला लागतं!

होतं असं, मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, पिट्युटरी रक्तात एलएच आणि एफएसएच नावाची दोन हार्मोन्स सोडते, एलएच पोचलं की अंडकोष टेस्टोस्टेरॉन बनवतात. मेंदू सारखा रक्तातलं प्रमाण बघत असतो. घरच्या टाकीत बॉल असतो ना, टँकरनं टाकी भरली तरी बॉल वर येतो आणि नळ बंद होतो, पाणी कुठून आलं ते बॉलला काय कळणार. तसंच इथं एलएच, एफएसएच खाली येतात, अंडकोषांना काम उरत नाही, ते लहान होतात. निरोगी पुरुषाचं शरीर दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवतं, आणि जिममधले डोस आठवड्याला कितीतरी शे मिलिग्रॅमचे. जेल लावलं, डॉक्टरांनी मोजून दिलं, तरी अंगातल्या बनण्यावर दाब पडतोच, कमीजास्त एवढंच.

आता खरं दुखणं ऐका. शुक्रजंतू तयार व्हायला अंडकोषाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, ते तिथंच बनावं लागतं, दंडातल्या इंजेक्शननं भरत नाही. म्हणून रक्ताचा रिपोर्ट झकास, दंड भरलेले, आणि वीर्य तपासणीत शुक्रजंतू शून्य, असं होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेनं तर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासून पाहिलं, त्याचे निष्कर्ष १९९० साली छापून आले, निम्म्याहून जास्त जणांचे शुक्रजंतू शून्यावर गेले होते.

आणि आपल्याकडे लग्नाला दोन वर्षं झाली, पाळणा हलला नाही की बोल कुणाला, तर सुनेला. तिला जळगावला ने, नाशिकला ने, सोनोग्राफी कर, नवस बोल, आणि ज्यानं इंजेक्शनं घेतली तो गप्प. मला याचा फार राग येतो, खरं सांगतो. आधी पोराची वीर्य तपासणी करा, साधी आणि स्वस्त आहे.

परत सुरू होतं का? बहुतेकांचं होतं. अशा गर्भनिरोधकाच्या वेगवेगळ्या प्रयोगांतल्या पुरुषांपैकी सुमारे ६७ टक्क्यांचे शुक्रजंतू थांबल्यावर ६ महिन्यांत ठीक प्रमाणावर आले, ९० टक्क्यांचे वर्षभरात, काहींना दोन वर्षं लागली. पण ती निरोगी माणसं होती, मोजका डोस होता. वर्षानुवर्षं तीन-तीन औषधं एकत्र टोचणाऱ्याला जास्त वेळ लागतो, कुणाचं पूर्ण भरून येतही नाही. मधल्या काळात वरचं बंद आणि आतलं अजून सुरू नाही, मग थकवा, इच्छा मरते, मन खचतं, आणि त्या उदासीला घाबरून पोरगा परत सुई घेतो.

ज्याच्या अंगात खरंच कमी बनतं त्याला हे औषध लागतंच, त्यानं घाबरून सोडू नये. पण तेही सकाळी, दोन वेगळ्या दिवशी रक्त तपासून ठरतं, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांना तसं सांगा, कारण अंडकोषांना चालू ठेवणारे दुसरे उपचार आहेत.

घेतलंच असेल तर एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे, नाहीतर युरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रमार्ग आणि पुरुषांच्या जननेंद्रियांच्या डॉक्टरकडे जा, जाताना रिकामी बाटली किंवा तिचा फोटो न्या, कधीपासून किती घेतलं ते कागदावर लिहून न्या, आणि वडील सोबत असतील तर डॉक्टरांना सांगा की मला एकट्याला बोलायचंय.