गाठीला रक्त पुरवतं कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

‘कॅन्सरला उपाशी मारा’ हा निरोप तुमच्यापैकी अनेकांच्या फोनवर येऊन गेला असेल. खाली यादी असते: साखर बंद, दूध बंद, भात बंद, अमक्याचा रस अनशापोटी. मी रेणवीय जीवशास्त्रात काम करते, रक्तवाहिन्या कशा वाढतात यावर. त्यामुळं असा निरोप फिरला की नात्यातलं कुणीतरी फोन करतंच, ‘‘अगं, हे खरं का?’’ माझी पंचाईत अशी की हे वाक्य मुळात संशोधनातूनच आलेलं आहे. मात्र त्यात उपाशी ठेवायचं होतं गाठीला, आणि तेही तिचं रक्त तोडून. माणसाचं ताट त्यात कधी आलं, कोण जाणे.

आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी जवळच्या केशवाहिनीच्या भरवशावर जगते. केशवाहिनीतून निघालेला ऑक्सिजन मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाइतकाच पोचतो, पुढं जाईपर्यंत वाटेतल्या पेशी तो संपवतात. म्हणून गाठ एक-दोन मिलिमीटरची झाली की आतल्या पेशी गुदमरू लागतात.

हे ध्यानात आलं ते एका वेगळ्याच कामातून. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जुडा फोकमन हे तरुण सर्जन अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत रक्ताला पर्याय शोधत होते. ते प्राण्याची थायरॉइड ग्रंथी शरीराबाहेर काढून, तिच्यातून द्राव खेळवून ती जिवंत ठेवत आणि तिच्यात कॅन्सरच्या पेशी सोडत. गाठी धरायच्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या व्हायच्या आणि तिथंच थांबायच्या. त्याच गाठी उंदरात घातल्या की मात्र फोफावायच्या. उंदरात त्यांच्याभोवती नव्या रक्तवाहिन्या फुटत होत्या, बाहेर ठेवलेल्या ग्रंथीत फुटत नव्हत्या. 1971 साली फोकमन यांनी मांडलं की गाठ स्वतःच रासायनिक संदेश सोडून रक्तवाहिन्या ओढून घेते, आणि तो संदेश अडवला तर गाठीची वाढ अडेल. पुष्कळांनी ते मनावर घेतलं नाही. गाठीभोवतीची लाली म्हणजे नुसता दाह, असं त्यांचं म्हणणं.

संदेश म्हणजे नेमकं काय, ते कळायला आणखी बरीच वर्षं गेली. 1983 मध्ये हॅरल्ड ड्वोरॅक यांच्या गटाला गाठींमधून पाझरणारं एक प्रथिन सापडलं, त्यानं रक्तवाहिन्या झिरपू लागत. 1989 मध्ये नापोलेओने फेरारा यांनी रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन वेगळं केलं. दोन्ही एकच निघाली. आम्ही त्याला व्हीईजीएफ म्हणतो.

मला या सगळ्यात देखणा वाटतो तो पुढचा प्रश्न: ऑक्सिजन कमी पडतोय हे पेशीला कळतं कसं? पेशी एचआयएफ नावाचं प्रथिन सतत बनवते आणि सतत मोडते. मोडण्यासाठी त्याच्यावर आधी एक रासायनिक खूण चढवावी लागते, आणि ती चढवायला ऑक्सिजनच लागतो. ऑक्सिजन घटला की खूण चढत नाही, प्रथिन साचतं, केंद्रकात जातं आणि व्हीईजीएफचं जनुक चालू करतं. केवढी काटकसर! हा उलगडा करणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना 2019 चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. मूत्रपिंडाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या कॅन्सरमध्ये बहुधा ही मोडण्याची यंत्रणाच बिघडलेली असते. मग ऑक्सिजन भरपूर असला तरी पेशी टंचाईची ओरड चालूच ठेवते.

यात कॅन्सरनं नवीन काहीच शोधून काढलेलं नाही. गर्भ वाढताना, जखम भरताना, दर महिन्याला गर्भाशयाचं अस्तर नव्यानं तयार होताना हाच संदेश चालतो.

प्रयोगशाळेत हे बघायला आम्ही कोंबडीची अंडी वापरतो. वाण्याकडची चालत नाहीत, ती फलित नसतात. उबवणी केंद्रातून आणावी लागतात. साधारण साडेसदतीस अंशांवर ठेवली की चार दिवसांत आत लाल जाळं दिसू लागतं. कवचाला छोटी खिडकी पाडायची, जाळ्यावर औषधाची चकती ठेवायची आणि आजूबाजूच्या वाहिन्या वाढतात की विरतात ते बघायचं. दुसरी सोय नाळेची. बाळंतपणानंतर फेकून दिल्या जाणाऱ्या नाळेच्या शिरेतून, आईची संमती घेऊन, अस्तराच्या पेशी काढतात. योग्य जेलवर पसरल्या की काही तासांत त्या आपणहून नळ्या करू लागतात. विद्यार्थी पहिल्यांदा ते बघतात तेव्हा चहाला जायचं विसरतात.

आणि कॅन्सरच्या पेशींसाठी तर पुणेकरांना लांब जावं लागत नाही. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, तिथल्या संग्रहातून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी जातात. भारतात हे पेशी वाढवण्याचं तंत्र रुजवणाऱ्यांत एक नाव पुण्याचंच: कमल रणदिवे. 1917 साली इथं जन्मल्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकल्या. अमेरिकेत पेशीसंवर्धनात नावाजलेल्या जॉर्ज गाय यांच्याकडं काम करून आल्या आणि मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. त्यांचं नाव आपल्या शाळांतून जितकं ऐकू यायला हवं तितकं येत नाही, असं मला वाटतं.

आता औषधाकडं येऊ. व्हीईजीएफला पकडून ठेवणारं बेव्हासिझुमॅब 2004 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ते पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी. नुसत्या केमोथेरपीवर निम्मे रुग्ण 15.6 महिन्यांपर्यंत जगले होते. हे औषध जोडल्यावर तो आकडा 20.3 झाला. साडेचार-पाच महिने. ज्याच्या घरात ते मिळाले त्याला त्यांचं मोल विचारा. पण फोकमन यांच्या कल्पनेवरून जगानं बांधलेल्या आशेच्या मानानं ते थोडेच. स्तनाच्या कॅन्सरसाठी 2008 मध्ये अमेरिकेत दिलेली परवानगी तर 2011 मध्ये काढून घेतली, कारण आयुष्य वाढल्याचं दिसेना.

असं का झालं? शहराच्या कडेला एखादी इमारत परवानगीविना उभी राहते आणि रातोरात मुख्य वाहिनीवरून नळजोड घेते. तो तोडला की टँकर येतो, मग बोअर पडते. गाठही तेच करते. व्हीईजीएफ अडवलं तर दुसरी वाढप्रथिनं कामाला लावते, नाहीतर अवयवाच्या आधीच्या वाहिन्यांना जाऊन बिलगते. शिवाय तिनं घाईनं ओढलेल्या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, त्यामुळं केमोचं औषधही आत धड पोचत नाही. कानपूरच्या आयआयटीत केमिकल इंजिनिअरिंग शिकलेल्या राकेश जैन यांनी 2001 मध्ये म्हणूनच उलटा विचार मांडला: ही औषधं बेतानं देऊन वाहिन्या तात्पुरत्या नीट करा आणि त्यातूनच इलाज आत पोचवा. मला हा विचार उपाशी मारण्यापेक्षा जास्त पटतो. यकृताच्या कॅन्सरमध्ये 2020 पासून बेव्हासिझुमॅब इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडणाऱ्या औषधाच्या, जोडीनं देतात, आणि ती जोडी आधीच्या औषधापेक्षा सरस ठरली आहे.

हेच औषध, अगदी थेंबभर, डोळ्यातही टोचतात. मधुमेहात पडद्यावर फुटणाऱ्या गळक्या वाहिन्यांमागंही व्हीईजीएफच असतं. तेव्हा नेत्रतज्ज्ञाच्या कागदावर हे नाव दिसलं तर घाबरू नका.

राहिला ताटाचा प्रश्न. तुम्ही साखर सोडलीत तरी यकृत रक्तात ग्लुकोज सोडतच राहतं आणि गाठ त्यातून आपला वाटा घेते. वजन मात्र पेशंटचं उतरतं, आणि मग केमो झेपत नाही. तेव्हा काय खायचं ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारा.

आणि घरी कुणाला बेव्हासिझुमॅब चालू असेल, तर रक्तदाब नियमित मोजून घ्या आणि लघवीतल्या प्रथिनाची तपासणी चुकवू नका. जखम भरायलाही हाच संदेश लागतो, म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर किमान 28 दिवस हे औषध देत नाहीत. साधा दात काढायचा असला तरी दंतवैद्याला या औषधाबद्दल आधी सांगा.

नमस्कार.