कोकणात सायकलवर जाताय? किलोमीटर नका मोजू, खाड्या मोजा

नमस्कार मंडळी. मागे सायकल दिसतेय ना? अजून तिच्या मडगार्डवर जांभ्याची लाल धूळ आहे. मुद्दाम पुसली नाही, तुम्हाला दाखवायला ठेवलीय. खोटं कशाला बोलू, कंटाळाही आला होता.

तर मांडवा ते रत्नागिरीचे फोटो टाकले आणि खाली एकच प्रश्न, पन्नास जणांचा. "ताई, रोज किती किलोमीटर मारले?" मारले! अहो, मी सुट्टीला गेले होते, रानडुक्कर मारायला नाही. सांगते. सगळे मिळून तीनशेच्या वर झाले आणि आठ दिवस लागले. म्हणजे दिवसाला चाळीसेक. त्यावर लगेच एकाचं उत्तर, "एवढंच? मी पुणे-लोणावळा-पुणे एका सकाळी करतो." करा. तुमच्या पायांना माझा नमस्कार. पण त्या रस्त्यात खाडी नाही.

साध्या गोष्टी भराभर उरकते, त्या तुम्हाला ठाऊकच असतील. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जायचं. ख्रिसमसचा आठवडा सोडून, कारण तेव्हा अर्धं पुणे आणि सगळी मुंबई अलिबाग-मुरूडच्या रस्त्यावर असते. पंक्चरचं सामान, दोन जादा ट्यूब, पंप. पाठीवर सॅक नको, कॅरिअरला पिशव्या लावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पाठ भिजून सोलवटते. मुंबईहून निघायचं तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत सायकल घालून थेट मांडव्याला उतरा, पनवेल-पेणचे ट्रक वाचतात. झालं.

दिशा मात्र उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे होते, आठवतात? तेव्हा दोन मार्कांसाठी पाठ केले होते, आता मांड्यांना कळतात. पहाटे मतलई वारा जमिनीकडून येतो, हलकासा. दुपारी खारा वारा सुटतो, तो बराचसा वायव्येकडून. दक्षिणेकडे निघालात तर तो पाठीशी. उलटे आलात तर दुपारभर कुणीतरी छातीवर हात ठेवून मागे ढकलतंय असं वाटतं. माझा दादा मागच्या वर्षी रत्नागिरीहून वर आला, अजून कुरकुरतोय.

आता खाड्या. माणसं नकाशा बघतात, किनाऱ्याची निळी रेघ दिसते आणि म्हणतात, वा, समुद्राकाठचा रस्ता, म्हणजे सपाट. सपाट! दिवेआगर ते श्रीवर्धन आरावी-शेखाडीवरून जाणारा वीसेक किलोमीटरचा पट्टा आहे, तिथे समुद्र अगदी हाताशी असतो, चढही फार छळत नाहीत. बहुतेकांच्या रिळा तिथल्याच. बाकीचं कोकण म्हणजे वर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, आणि खाली खाडी. सड्यावरून वळणं घेत सुसाट खाली यायचं, पार पाण्यापर्यंत. तर, म्हणजे पलीकडे नेणारी बोट, पकडायची. पलीकडे उतरलं की तितकंच वर.

मांडव्यानंतर अशा चार तरी. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. त्या जेट्टीबोटींवर गाड्या, टेम्पो सगळं चढतं, सायकलला अडचण नाही, तिकीट किरकोळ. म्हणून म्हणते, दिवस आखताना किलोमीटर बाजूला ठेवा, आज किती खाड्या ते बघा. एका दिवसात एक खाडी. दोन म्हणजे हाव.

आणि आता ऐका, कारण ही एकच गोष्ट सांगायला व्हिडिओ केलाय. गिअर बोटीतच उतरवा.

थांबा, दाखवते. (सायकल पुढे ओढून) जेट्टीकडे तुम्ही उतारावरून येता. उतारावर गिअर कुठला असतो? जड. मागची छोटी चकती. खाली आलात, ब्रेक दाबला, उभे राहिलात, सायकल हातात धरून बोटीत चढलात. गिअर तसाच जड राहिला. पलीकडे फळी पडते, तुम्ही टांग मारता आणि समोर भिंतीसारखा चढ. तेव्हा तुम्ही घाईघाईने खटके दाबता, खट खट खट. पण उभ्या सायकलला गिअर पडत नाही हो! साखळी फिरली तरच ती एका चकतीवरून दुसरीवर जाते. पहिलंच पेडल तुम्ही सगळा जोर लावून मारता आणि त्या जोरात ती चार चकत्या एकदम चढायला बघते. कडाड्‌. उतरली साखळी.

म्हणून बोटीत काय करायचं? एका हाताने सीटखाली धरून मागचं चाक असं उचलायचं. अंगठ्याने खटका, दुसऱ्या हाताने पेडल फिरवायचं. खटका, पेडल. खटका, पेडल. मागे सगळ्यात मोठी चकती, पुढे सगळ्यात छोटी, म्हणजे सगळ्यात हलका गिअर. अर्धं मिनिट. तेवढ्यात लोक तुमच्याकडे बघतात, बघू देत.

मला हे कसं कळलं? धोपाव्याच्या जेट्टीवर. दाभोळहून बोट लागली, मी ऐटीत सगळ्यात पुढे. फळी पडली, निघाले, दहा-बारा मीटर गेले असेन आणि साखळी चकती आणि चौकटीच्या मध्ये अडकून बसली. पाय काढता येईना. सामानासकट आडवी. आणि माझ्या मागे बोटीतली सगळी वरात, दोन टेम्पो, चार-पाच गाड्या, बाईका, आणि एका गाडीतले आजोबा काच खाली करून शांतपणे बघतायत. बोटीवरचा पोरगा धावत आला, सायकल कडेला घेतली, म्हणाला, "ताई, गाड्या जाऊ द्या की आधी. डोंगर काय पळून जातोय?" ग्रीसने काळे झालेले हात मी त्याच्याच फडक्याला पुसले.

तेव्हा दुसरं कलम त्याच्याकडून घेतलेलं. बोटीतून सगळ्यात शेवटी उतरा. सगळी वाहनं एकदम सुटतात, अरुंद रस्त्यावर फर्स्ट गिअरमध्ये धूर सोडत तुमच्या कानाशी येतात. ती गेली की पुढची बोट येईपर्यंत तो अख्खा चढ तुमचा. आणि ओहोटी असेल तर जेट्टीचा खालचा उतार शेवाळलेला असतो, तिथे टांग मारूच नका, चालत जा.

जाता जाता, दाभोळचा वीजप्रकल्प दाभोळला नाहीच, खाडीच्या पलीकडे अंजनवेलला, गुहागर तालुक्यात आहे. दाभोळकडे उभं राहून प्रकल्प कुठाय म्हणून विचारणारे मी बघितलेत.

कॉमेंट आलीय, "माझी साधी सायकल आहे, गिअर नाहीत, मी काय करू?" तुम्ही सुखी आहात. उतरा आणि ढकला. मीसुद्धा जयगडचा चढ ढकलत गेले, गिअर बोटीत उतरवूनही. त्यात लाज कसली? पण गिअरवाल्यांनो, ढकलायचं असलं तरी गिअर उतरवूनच ठेवा. दम लागून मध्येच थांबाल आणि परत टांग मारायची म्हणाल, तेव्हा पुन्हा तेच कडाड्‌.

आता माझी दुसरी तिडीक. पुळणीवर सायकल. ओल्या कडक वाळूवर चालवायला मस्त वाटतं, मान्य. संध्याकाळ, मागे सूर्य, वगैरे. आणि रात्री सायकल तशीच भिंतीला टेकवून सुरमई खायला. सकाळी साखळीला हात लावा, शेवेसारखी करकर वाजते, आणि दोन दिवसांत तांबूस. मुक्कामाला गेल्या गेल्या विहिरीच्या गोड्या पाण्याची बादली मागा, हळू ओता, फडक्याने कोरडं करा, मग तेलाचे थेंब. डिस्क ब्रेक असेल तर डिस्कला तेल लागू देऊ नका, नाहीतर पुढचा उतार थेट खाडीत.

जेवणाचं. हॉटेल दिसेल तिथे जेवू, हा हिशोब इथे चालत नाही. घरगुती खानावळीत सकाळी फोन करून सांगावं लागतं, किती माणसं आणि मासे की शाकाहारी. आम्ही केळशीला दोन वाजता न सांगता जाऊन उभे. काकूंनी आमच्याकडे बघितलं, सायकलींकडे बघितलं. "फोन नाही करता आला? आता माझ्याकडे काही नाही." मग आत गेल्या. पंधरा मिनिटांनी घावन, नारळाची चटणी आणि गूळ. वर ऐकवलं, "पेट्रोल नाही लागत म्हणून पोटही लागत नाही असं वाटलं काय?" दुपारी एक ते चार गाव झोपलेलं असतं, दुकानं बंद. त्याच वेळात तुम्हीही पडवीत पाय पसरा. चाळीस किलोमीटर का, तर यासाठी.

सुट्टे पैसे ठेवा. क्यूआर सगळीकडे चिकटवलेला असतो, रेंज सगळीकडे नसते.

शेवटचा प्रश्न, "परत कशा आलात?" रत्नागिरीहून रेल्वेने, सायकल पार्सल ऑफिसात बुक करून. लवकर जा, आणि सायकल तुमच्याच गाडीत चढेल असं धरून चालू नका. माझी दुसऱ्या दिवशी आली. आणि एक सांगायचं राहिलं. रत्नागिरीचं स्टेशन गावात नाही, वर कुवारबावला आहे. आठ दिवस झालेत, सगळं संपलं असं वाटत असतं, आणि समोर तो चढ. तिथे बोटही नाही. गिअर गावातच उतरवून घ्या.