पृथ्वीचा सातबारा

श्रोतेहो, नमस्कार.

समजा, दुष्काळात तुम्ही घराला कुलूप लावलंत आणि पोटासाठी शहर गाठलंत. बऱ्याच वर्षांनी परत आलात, तर ओसरीवर दुसरंच कुटुंब बसलेलं. सातबाऱ्यावर नाव त्यांचं. आणि वर तेच तुम्हाला विचारतायत, “कोण पाहिजे?”

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथांच्या टीव्ही मालिकेतल्या एका जुन्या कथेत समुद्राखालच्या प्राण्यांची नेमकी हीच तक्रार आहे. फक्त त्यांची झोप जरा लांबली. काही कोटी वर्षं.

कथेचं नाव ‘द सी डेव्हिल्स’, म्हणजे समुद्रातले सैतान. २६ फेब्रुवारी ते १ एप्रिल १९७२, सहा शनिवारी सहा भाग दाखवले गेले. मालिकेचा नायक, कालप्रवास करणारा ‘डॉक्टर’, झाले होते जॉन पर्टवी, त्यांची सहायक जो ग्रँट झाली होती केटी मॅनिंग. डॉक्टरचा जुना वैरी ‘मास्टर’, म्हणजे रॉजर डेलगाडो, एका बेटावरच्या वाड्यात जन्मठेप भोगतोय. जवळपास जहाजं बुडतायत, आणि वाचलेला एक घाबरलेला माणूस बडबडतोय, “सैतान, समुद्रातले सैतान!” हे नाव तिथूनच चिकटलं. भेदरलेल्या माणसानं ठेवलेलं नाव. त्या प्राण्यांना कुणी विचारलंच नाही.

चित्रीकरण झालं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्टस्मथच्या परिसरात, समोरच्या आइल ऑफ वाइट बेटावर, आणि सोलंटच्या समुद्रात उभ्या असलेल्या ‘नो मॅन्स लँड फोर्ट’ या गोल किल्ल्यावर. ब्रिटिश नौदलानं ‘रिक्लेम’ नावाची नौका दिली, माणसंही दिली. पर्टवी स्वतः दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते, त्यामुळे ते बोटीवर अगदी घरच्यासारखे वावरतात.

आता त्या प्राण्यांकडे वळू. उभे चालणारे सरपटणारे प्राणी, कासवासारखा चेहरा, अंगावर मासेमारीच्या जाळ्यासारखा झगा. मुखवटा नटाच्या डोक्यावर टोपीसारखा बसवलेला, आणि नट बघायचा मुखवट्याच्या मानेतून. म्हणूनच ते एवढे उंच आणि जरा डुगडुगते दिसतात. हसू येतं, मान्य. पण ते ओळीनं पाण्यातून वर येतात तेव्हा हसू थांबतं. त्याचं बरंचसं श्रेय आवाजाला जातं, आणि रेडिओवर बोलत असल्यामुळे हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. माल्कम क्लार्क यांनी बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणाऱ्या विभागात, एका भल्यामोठ्या सिंथेसायझरवर हे संगीत केलं. संगीत म्हणायचं ते सवयीनं. गुणगुणायला एक ओळ सापडणार नाही. करकर, गुरगुर, बुडबुडे, मध्येच पत्रा ओढल्यासारखं काहीतरी. कित्येकांना ते अजूनही सहन होत नाही. मला वाटतं, गोड चाल लावली असती तर ही कथा केव्हाच विसरली गेली असती.

लेखक माल्कम हल्क. एकेकाळचे कम्युनिस्ट, जमीन कोणाची, हा प्रश्न त्यांना पडणारच. १९७० साली त्यांनी या प्राण्यांच्या जमिनीवरच्या भाऊबंदांची कथा लिहिली होती, त्यांना नाव दिलं होतं ‘सिल्युरियन’. इथे भूशास्त्रानं पाय ओढला. सिल्युरियन काळ चाळीस कोटी वर्षांहून जुना, तेव्हा सरपटणारे प्राणीच नव्हते. म्हणून १९७२च्या कथेत डॉक्टर चूक सुधारतो: खरं तर त्यांना ‘इओसीन’ म्हणायला हवं. पण त्यांच्या झोपेचं कारण असं, की एक छोटा ग्रह पृथ्वीकडे येताना दिसला, प्रलयाच्या भीतीनं ते जमिनीखाली गेले, आणि तो ग्रह आपला चंद्र झाला. चंद्र साडेचार अब्ज वर्षांचा, इओसीन हा भूशास्त्रातला काळ फार तर पाच कोटी साठ लाख वर्षांमागचा. म्हणजे एक चूक झाकायला गेले आणि दुसरी उघडी पडली.

पण इओसीनमध्ये समुद्राशी सोयरीक जमवणारे प्राणी खरोखर होते, तेही आपल्या शेजारी. कच्छमध्ये व्हेलच्या पूर्वजांचे जीवाश्म सापडले आहेत, पाय असलेल्या, जमीन सोडून पाण्याकडे निघालेल्या पूर्वजांचे. तिथल्याच पानंध्रोच्या कोळशाच्या खाणीत ‘वासुकी इंडिकस’ सापडला. हा साप अकरा ते पंधरा मीटर लांब असावा, असा अंदाज २०२४ साली प्रसिद्ध झाला.

आणि २०१८ साली गॅव्हिन श्मिट आणि ॲडम फ्रँक या दोन शास्त्रज्ञांनी एक गंभीर शोधनिबंध लिहिला: माणसाआधी पृथ्वीवर एखादी औद्योगिक संस्कृती होऊन गेली असती, तर खडकांत तिची खूण आपल्याला सापडली असती का? ती होती, असं त्यांचं म्हणणं मुळीच नाही. पण या प्रश्नाला त्यांनी नाव दिलं ‘सिल्युरियन हायपोथिसिस’, याच मालिकेवरून. चुकीचं नाव विज्ञानात शिरलं ते असं!

कथेकडे परत येतो. डॉक्टर समुद्रतळाशी जाऊन त्यांच्या प्रमुखाशी बोलतो. माणसांनी आणि त्यांनी मिळून राहावं, असा विषय निघतो. म्हातारा प्रमुख विचारात पडतो, जवळजवळ तयार होतो. तेवढ्यात वरून स्फोट. लंडनहून आलेल्या वॉकर नावाच्या एका खादाड पुढाऱ्यानं हल्ल्याचा हुकूम सोडलेला असतो. बोलणी फिसकटली, युद्ध तोंडावर आलं. शेवटी लाखो माणसं वाचवायची म्हणून डॉक्टर स्वतःच्या हातानं त्यांचा तळ उडवून देतो. पाण्याचा एक उंच खांब वर येतो. आणि मास्टर? दुसऱ्याच माणसाला आपल्या चेहऱ्याचा मुखवटा चढवून तो हॉवरक्राफ्टमधून पसार.

ज्यांची जागा होती, त्यांच्यातला दाद मागायला कुणी उरलेला नसतो.

नमस्कार.