युनिटमागे एक पैसा

(रत्नागिरीतल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन, किंचित संपादित)

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? शेवटच्या रांगेतले काका कानाला हात लावून बसलेत, काका पुढे या, इथे दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. या, या.

मी पालघरकडचा. बोईसरला उतरलं की अर्ध्या तासावर तारापूरचं अणुवीज केंद्र. माझं आयुष्य आयटीआयमध्ये फिटर ट्रेडच्या पोरांना शिकवण्यात गेलं, त्यामुळे मी शास्त्रज्ञ म्हणून आलेलो नाही आणि आंदोलक म्हणूनही नाही. रात्रीची तुतारी एक्स्प्रेस पकडून आलोय ते एकच गोष्ट सांगायला, की अणुवीज केंद्राच्या विजेवर युनिटमागे एक पैसा गावाला मिळाला पाहिजे. हे मी गेली काही वर्षं भेटेल त्याला सांगतोय. घरचे म्हणतात आता पुरे, पण इथे तुम्ही स्वतःहून बोलावलंय, तेव्हा आज पूर्ण सांगणार.

तुम्हाला पार्श्वभूमी सांगायची गरज नाही. माडबन, मिठगवाणे, साखरी नाटे ही जैतापूर अणुवीज प्रकल्पाच्या भागातली गावं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून ओळखता. २०११ च्या एप्रिलमध्ये प्रकल्पविरोधी आंदोलनात काय झालं, पोलिसांच्या गोळीबारात एक जीव कसा गेला, हे या हॉलमधल्या काहींनी डोळ्यांनी पाहिलेलं असेल. त्यावर मी बाहेरून येऊन बोलणं बरं नाही. मी बोलणार आहे ते पुढचं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं शांती विधेयक मंजूर केलं, १९६२ चा अणुऊर्जा कायदा गेला आणि खासगी कंपन्यांना या क्षेत्राचं दार उघडलं. २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज असं सरकारचं लक्ष्य आहे. म्हणजे आता राज्याराज्यांत चढाओढ लागणार, आमच्याकडे या, जमीन देतो, पाणी देतो, रस्ता देतो. गुंतवणूक आणायची कशी यावर परिषदा भरतील, आजचा विषयही तोच. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. गुंतवणूक आली तर गावाला काय येणार? आणि कायमचं काय येणार?

यावर उत्तर ठरलेलं असतं, नोकऱ्या. हे ऐकलं की मला माझं आजोळ आठवतं. ते सांगतो, जरा लांब आहे, पण ऐका.

माझं आजोळ समुद्रापासून लांब, डोंगराकडे. तिथली जमीन एका प्रकल्पात गेली, कुठला ते सोडा, कारण धरण घ्या, रस्ता घ्या, कारखाना घ्या, गोष्ट हीच होते. सातबारा आजीच्या नावावर. आजीला चार मुलगे, म्हणजे माझे चार मामा, आणि नातवंडं अकरा. जमिनीचे पैसे आले ते वाटले, त्यात एका मामाचं घर झालं, एका मामीचं आजारपण निघालं, संपले. उरला तो प्रकल्पग्रस्ताचा दाखला, ज्यावर नोकरी मागता येते. जमिनीच्या एका खात्याला एक दाखला. अकरा पोरं आणि कागद एक.

तो कागद आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत, दुधाच्या पिशवीत गुंडाळून, त्यावर परत एक पिशवी. दिवाळीला आम्ही गेलो की आजी ट्रंक उघडून बघायची, आहे ना, वाळवी नाही ना लागली. सोनं नव्हतंच घरात, तेच सोनं. सगळ्यांनी बसून ठरवलं की थोरल्या मामाच्या मुलाला द्यायचा. तो हुशार होता, आयटीआय केलं, माझ्याच हाताखाली, फर्स्ट क्लास मिळाला. त्याचा पहिला अर्ज मीच भरला. अर्ज केला, पोच मिळाली, जागा निघेल तेव्हा कळवू. पुढच्या वर्षी परत. मध्ये कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून चौदा महिने काम मिळालं, कंत्राट संपलं, काम संपलं. असं करत करत वयाची अट ओलांडली. मग घरात म्हणायला लागले की आता दाखला धाकट्या मामाच्या मुलाच्या नावावर करू, निदान त्याचं तरी होईल. त्याला सगळ्या वारसांचं संमतीपत्र लागतं, स्टॅम्पपेपरवर. तीन घरांनी सही केली आणि थोरल्या मामीनं केली नाही. ती म्हणाली, माझ्या पोराची दहा वर्षं या कागदानं खाल्ली, त्याचं काय? तिला उत्तर कोणाकडेच नव्हतं आणि माझ्याकडे तर मुळीच नव्हतं, कारण त्याला थांब थांब म्हणणारा मीच होतो. त्यानंतर त्या घरात एका मुलीचं लग्न झालं तर थोरली मामी हळदीला आली नाही. एका मांडवात वाढलेली माणसं. आजी गेली तेव्हा दाखला ट्रंकेतच होता, घडीवर फाटलेला.

आणि लक्षात घ्या, हे ज्यांच्याकडे सातबारा होता त्यांचं. त्याच गावात दोन घरं कातकऱ्यांची होती, आमच्याच बांधावर राबणारी. त्यांच्या नावावर जमीन नाही, म्हणून दाखला नाही, म्हणून ते कोणत्याच यादीत नाहीत. किनाऱ्यावर तर विचारूच नका. आमच्याकडे डोल जाळं टाकणारा कोळी आणि तुमच्याकडे साखरी नाट्याच्या बंदरात बोट लावणारा मच्छीमार, यांचा समुद्राचा सातबारा कोण देणार? अणुवीज केंद्राचं कोमट पाणी समुद्रात सोडलं जातं, सुरक्षेसाठी पट्टा बंद होतो, जाळं लांब टाकावं लागतं, डिझेल जास्त जळतं. पण कागदावर त्याचं काही गेलेलंच नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय की नोकरी हा गावाचा फायदा नाही, तो एका माणसाचा फायदा आहे, तो अठ्ठावन्न साठला रिटायर होतो आणि बऱ्याचदा बोईसरला नाहीतर विरारला फ्लॅट घेऊन गाव सोडतो. केंद्र मात्र पुढे चालूच राहतं. तारापूरची पहिली दोन युनिटं १९६९ ला सुरू झाली. अमेरिकन बनावटीच्या त्या अणुभट्ट्या, आधी २१० मेगावॉटच्या, पुढे १६० वर आणल्या. मग २००५ आणि २००६ ला ५४० मेगावॉटची दोन स्वदेशी युनिटं आली, त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. म्हणजे साठीकडे चाललेला प्रकल्प. इतकी वर्षं तारेतून वीज जाते आणि विजेच्या प्रत्येक युनिटचा हिशोब मीटरवर असतो. मग गावाचा हिस्सा त्या मीटरलाच का नाही जोडायचा?

आता पेन असेल त्यांनी काढा. तारापूरची नवी दोन युनिटं मिळून १०८० मेगावॉट. ऐंशी टक्के क्षमतेनं वर्षभर चालली तर साधारण ७५० कोटी युनिट वीज होते. युनिटमागे एक पैसा. किती झाले? ताई बरोबर, साडेसात कोटी रुपये, दर वर्षी. तुमच्या जैतापूरला ईपीआर नावाच्या फ्रेंच बनावटीच्या अणुभट्ट्या ठरल्यात सहा, प्रत्येकी १६५०, एकूण ९९०० मेगावॉट. सगळ्या उभ्या राहिल्या आणि तशाच चालल्या तर वर्षाला सुमारे ६९०० कोटी युनिट, म्हणजे एका पैशाचे ६९ कोटी. आजूबाजूच्या मूठभर ग्रामपंचायतींना दर वर्षी ६९ कोटी! आणि ज्याच्या घरी महिन्याला दीडशे युनिट जळतात त्याच्या बिलात वाढ किती, दीड रुपया. मुंबईतल्या माणसाला विचारा, माडबनसाठी महिन्याला दीड रुपया देशील का. देईल हो. त्याला कोणी विचारलंच नाही.

कोणी म्हणेल हे आपल्याकडे कुठे होतं. होतं ना! २००८ च्या जलविद्युत धोरणात राज्याला १२ टक्के वीज मोफत आणि वर १ टक्का स्थानिक विकास निधीला, शिवाय विस्थापित कुटुंबाला दहा वर्षं महिन्याला १०० युनिट. खाणींचं बघा, २०१५ पासून रॉयल्टीच्या प्रमाणात रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा होते, आपल्या चंद्रपूरलाही होते. तो पैसा खर्च कसा होतो यावर भांडण आहे, पण हक्क आहे म्हणून भांडण तरी करता येतं. अणुवीजेला असा हिस्सा नाही. तिथे सीएसआर, म्हणजे कंपनीनं समाजासाठी करायचा खर्च, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के, आणि ते कुठे खर्चायचे ते कंपनी ठरवणार. शाळेला बाक मिळतात, रुग्णवाहिका मिळते, मी वाईट म्हणत नाही, माझ्या ओळखीची पोरं त्या शाळेत शिकलीत. पण गावानं हात पसरायचा आणि कंपनीनं द्यायचं, हे नातं मला नको आहे.

उलट गाव किती देतं बघा. भट्टीभोवती एक ते दीड किलोमीटर कोणी राहू शकत नाही. पाच किलोमीटरपर्यंत लोकवस्ती वाढवेल असा मोठा उद्योग आणायला बंधन, सुरक्षेसाठी ते हवंच. पण याचा अर्थ असा की ज्या गावानं देशाला वीज दिली त्याच गावात दुसरा कारखाना येणार नाही, टाउनशिप येणार नाही, जमिनीला भाव येणार नाही. देशासाठी त्या गावानं आपली वाढ बांधून घेतली, त्याचं भाडं नको का द्यायला?

अध्यक्षताईंची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. अरे देवा, मूळ विषय तर पुढेच आहे, गुंतवणूक आकर्षित कशी करायची! बरं, भराभर सांगतो.

गुंतवणूकदार कशाला घाबरतो? उशिराला. हजारो कोटींचं कर्ज, रोज व्याज. पश्चिम बंगालमध्ये हरिपूरचा प्रकल्प २०११ ला लोकविरोधामुळे राज्य सरकारनंच नाकारला. गुजरातेत मिठी विर्डीचा विरोध झाला, तो आंध्रात कोव्वाडाला हलवला. तामिळनाडूत कुडनकुलमचं पहिलं युनिट आंदोलनानंतर २०१३ च्या ऑक्टोबरात ग्रिडला जोडलं. जैतापूरचा फ्रेंच कंपनीशी पहिला करार २००९ चा, तिथे कुंपण उभं आहे आणि भट्टी नाही. म्हणून मी म्हणतो की गावाची लेखी संमती आणि गावाचा लेखी हिस्सा हे गुंतवणूकदारालाही हवं असलं पाहिजे. जे राज्य हे आधी बांधून देईल तिथे पैसा येईल.

जगात दोन उदाहरणं लक्षात ठेवा. फिनलंडमध्ये युराओकी नावाची नगरपालिका आहे, ओल्किलुओटो केंद्र तिच्या हद्दीत, तुमच्यासाठी ठरवलेल्या जातीचीच ईपीआर भट्टी तिथे आहे, काम सुरू २००५ ला आणि नियमित वीज २०२३ ला, हेही ध्यानात असू द्या. तिथल्या कायद्यानं नगरपालिका नाही म्हणाली तर प्रकल्प होत नाही, सरकारची इच्छा असली तरी. वापरलेलं इंधन जमिनीखाली पुरायची जागा द्यायची का, यावर २००० साली त्यांच्या सभेत मतदान झालं, २० विरुद्ध ७. हो म्हणाले, कारण नाही म्हणता येत होतं. आणि प्रकल्पाचा मालमत्ता कर थेट नगरपालिकेला.

दुसरं उदाहरण जपानचं, ते सावध करणारं. १९७४ मध्ये तिथे तीन कायदे झाले, विजेवर कर आणि त्यातून केंद्र असलेल्या गावांना अनुदान. म्हणजे माझाच एक पैसा, पन्नास वर्षांपूर्वी! पण अनुदान बांधकामाच्या काळात भरपूर, मग कमी कमी, मालमत्ता कर पण यंत्र जुनं होईल तसा उतरत जाणारा. गावांनी मोठमोठे हॉल बांधले, मग त्यांची देखभाल झेपेना, मग आणखी अणुभट्टी द्या म्हणून मागणी. फुताबा गावानं तशी मागणी केली होती. त्या गावात रस्त्यावर कमान होती, अणुऊर्जा म्हणजे उज्ज्वल भविष्याची ऊर्जा, अशा अर्थाची, शाळकरी मुलानं सुचवलेली ओळ. २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला आणि ते अख्खं गाव रिकामं करावं लागलं. लोकांना परत राहायला जायची परवानगी २०२२ मध्ये मिळाली आणि तीही थोड्याच भागात. मी अणुविजेच्या बाजूचा माणूस आहे, कोळशाची राख मला नको, तरी हे तुमच्यापासून लपवून तुमची संमती मागणं मला जमणार नाही.

म्हणून मागणी तीन गोष्टींची. पैसा युनिटवर, म्हणजे भट्टी जितकी वर्षं चालेल तितकी वर्षं. त्यातला निम्मा खर्च न करता कायम ठेवीत, म्हणजे भट्टी बंद पडल्यावरही नातवंडांना व्याज मिळेल. आणि हिस्सा सातबाऱ्यावर नाही, रहिवासावर, म्हणजे कातकरी, मच्छीमार, वाडीत राबणारा गडी, सगळे त्यात. त्यासोबत ग्रामसभेला नाही म्हणायचा अधिकार, जमीन घेण्याच्या आधी, नंतर नव्हे. किरणोत्सर्ग मोजायची यंत्रं गावाच्या ताब्यात आणि आकडा रोज चावडीवर, हे राहिलंच होतं सांगायचं.

ताई, हात कधीचा वर आहे तुमचा, बोला. ... हो, प्रश्न ऐकू आला, सगळ्यांसाठी परत सांगतो. ताई मासे विकतात, त्या विचारतायत की ६९ कोटी आले तर ते सरपंच खाणार नाही कशावरून. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मला सुचतं ते असं की खातं ग्रामसभेच्या नावावर, सही करणाऱ्यांत निम्म्या बायका, आणि महिन्याचा हिशोब मच्छी मार्केटच्या भिंतीवर, जिथे तुम्ही रोज बसता. ठरावाचा कच्चा मसुदा आणलाय, तिकडे चहाच्या टेबलावर ठेवतो, त्यात ही भिंतीची ओळ नाही. आता पेनानं लिहून टाकू, ताई, तुम्ही सांगा कसं लिहायचं.