पान फिरवून वाचायच्या कादंबऱ्या

नमस्कार, श्रोतेहो.

कादंबरी उघडावी तर एका पानावर मोजून चार शब्द, दुसऱ्यावर मजकूर उलटा छापलेला आणि तिसऱ्यावर मूळ मजकुराहून लांबलचक तळटीप! अशी पुस्तकं पुष्कळ वाचक चाळून बाजूला ठेवतात. त्यांनी ती पुन्हा हातात घ्यावीत, असं मला मनापासून वाटतं.

मार्क डॅनिएलेव्स्की यांची २००० साली आलेली ‘हाउस ऑफ लीव्ह्ज’ घ्या. तिच्यातलं घर बाहेरून जेवढं भरतं, त्याहून आतून पाव इंच जास्त भरतं. या घरावरच्या माहितीपटाविषयी एका अंध म्हाताऱ्याने बाडंच्या बाडं लिहून ठेवली आहेत. तो गेल्यावर ती जॉनी नावाच्या तरुणाला सापडतात आणि हा पठ्ठ्या तळटिपांमधून स्वतःचीच कहाणी सांगू लागतो. घरातला बोळ अरुंद होतो, तसा पानावरचा मजकूरही आक्रसतो. वाचताना जीव गुदमरतो, तो त्या छपाईमुळेच.

एका ठिकाणी गरम पाण्याचा हीटर बिघडल्याचा उल्लेख येतो. त्यावर जॉनी सांगतो, म्हाताऱ्याने नुसतं ‘हीटर’ लिहिलं होतं, ‘पाण्याचा’ हे मी घातलं. बस्स! तिथून पुढे प्रत्येक वाक्यापाशी मनात येतं, हे नेमकं कोणाचं? अनेक निवेदकांची खरी गंमत इथे आहे. कोण बोलतंय याच्याइतकंच तो काय दडवतोय, हेही बघावं लागतं.

एक साधी युक्ती सांगते. दोन खुणा ठेवा, एक मजकुरात, एक टिपेत. परिच्छेद संपवूनच टिपेकडे वळा. दमलात तर टीप सोडून द्या, नंतर परत येता येतं.

विचित्र मांडणी म्हणजे चांगलं पुस्तक, असं मात्र नाही. तोच मजकूर सरळ छापला आणि काहीच हरवलं नाही, तर ती नुसती सजावट.

पहिल्यांदाच वाचणार असाल, तर विल्यम फॉकनर यांच्या १९३० सालच्या ‘अ‍ॅज आय ले डाइंग’पासून सुरुवात करा. निवेदक पंधरा आहेत, पण प्रत्येक प्रकरणावर बोलणाऱ्याचं नाव असतं. नाती लगेच उलगडत नाहीत, म्हणून कागदावर नावं टिपत चला. जिचं शव घेऊन सगळं कुटुंब निघालंय, ती आई अ‍ॅडी एकदाच बोलते, तेही निम्मं पुस्तक उलटून गेल्यावर. निदान तिथपर्यंत तरी पुस्तक सोडू नका.