तीन ओळींचा पॅच

(दृश्य: टर्मिनल. ओळी भराभर वर सरकतायत. एका क्षणी सगळं थांबतं.)

बिल्ड फेल झालं. म्हणजे, लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवण्याचं काम मध्येच अडलं.

सगळ्यात खाली लिहिलंय, ‘मेक, एरर दोन’. या ओळीतून काहीच कळत नाही. तिच्या वर दीडएकशे ओळींचा ढीग आहे आणि त्यातल्या बहुतेक एकाच बिघाडाचे पडसाद आहेत. म्हणून लॉग उघडला की ‘एरर’ हा शब्द वरून शोधत यायचं. पहिली सापडली की तिथेच थांबायचं. ती सुटली की बाकीच्या बऱ्याचशा तिच्याबरोबरच जातात.

आजची पहिली एरर अशी: ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन स्ट्रपीटाइम’. कंपायलर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, म्हणतोय, या फंक्शनला तुम्ही हाक मारलीत खरी, पण त्याची माझी ओळख कुणी करून दिलेली नाही.

प्रोग्राम छोटासा आहे. सर्व्हरच्या लॉग फायली वाचतो, प्रत्येक ओळीतली तारीख ओळखतो आणि तासागणिक गोषवारा काढून देतो. सी भाषेत लिहिलेला. मूळ लेखकानं शेवटची आवृत्ती काढली त्याला बरीच वर्षं झाली. तरी लोक तो वापरतात, कारण नेमून दिलेलं काम तो चोख करतो. त्याचं पॅकेज, म्हणजे लोकांच्या मशीनवर सहज बसेल असा तयार गठ्ठा, मी सांभाळतो. गेल्या वेळी याच कोडचं बिल्ड विनातक्रार पार पडलं होतं. तेव्हापासून कोडमधलं एक अक्षरही कुणी हलवलेलं नाही.

बदललाय तो कंपायलर.

(दृश्य: जुना लॉग आणि नवा लॉग शेजारीशेजारी. जुन्या लॉगमध्ये तीच ओळ, फक्त ‘वॉर्निंग’ म्हणून.)

जीसीसी हा कंपायलर पहिल्यांदा १९८७ साली बाहेर आला. त्या काळच्या सी भाषेत एक सवलत होती. एखादं फंक्शन आधी जाहीर न करता वापरलं, तर ते ‘इंट’, म्हणजे पूर्णांक, परत करतं असं कंपायलर आपल्या मनानं धरून चालायचा. सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणित नियमांत ही सवलत काढली गेली. पण तोवर लिहिलेल्या कोडचा डोंगर एवढा होता की जीसीसी पुढची पंचवीस वर्षं फक्त वॉर्निंग देत राहिला. मे २०२४ मध्ये चौदावी आवृत्ती आली आणि त्या वॉर्निंगची एरर झाली.

मला हा निर्णय पटतो. का पटतो, ते याच प्रोग्रामवरून दाखवतो.

(दृश्य: कोडची एक ओळ, मोठी करून. ‘उरलेलं बरोबर स्ट्रपीटाइम’, अशा अर्थाची.)

स्ट्रपीटाइमला आपण एक ओळ देतो. ते तारीख वाचतं, आणि तारीख जिथे संपली त्या जागेचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, परत देतं. आजच्या मशीनवर पत्ता ६४ बिटांचा असतो, इंट ३२ बिटांचा. कंपायलरला वाटतंय की परत येतोय तो इंट. म्हणून तो खालचे ३२ बिट उचलतो आणि वरचे सोडून देतो. अर्धा पत्ता हातात घेऊन प्रोग्राम पुढे निघतो.

मग इतकी वर्षं तो चालला कसा? पूर्वी प्रोग्राम मेमरीत खालच्या पत्त्यांवर लोड व्हायचा. पत्ता लहान, त्यामुळे वरचे ३२ बिट मुळात शून्यच. कापले तरी काही बिघडत नव्हतं. पुढे सुरक्षेसाठी वितरणांनी, म्हणजे डेबियन, फेडोरा अशा तयार लिनक्स संचांनी, प्रोग्राम मेमरीत कुठेही, सोडत काढल्यासारखा लोड होईल अशी सोय केली. डेबियननं २०१७ च्या नवव्या आवृत्तीत ती सरसकट लागू केली. आता पत्ते मोठे झाले, आणि कापलेला अर्धा भाग शून्य राहिला नाही.

आमच्या प्रोग्राममध्ये हा पत्ता बहुतेक वेळा फक्त ‘काही आलं की नाही’ एवढंच तपासायला वापरलाय. त्या पत्त्यावर जाऊन प्रत्यक्ष वाचायची वेळ येते ती टाइमझोनचा पर्याय दिला तरच. आणि नेमकी तशी एक तक्रार आमच्याकडे जुनी पडून होती: ‘टाइमझोन दिला की प्रोग्राम कोसळतो’. मी तेव्हा माझ्या जुन्या मशीनवर बिल्ड करून पाहिलं होतं. तिथे चाललं. ‘पुन्हा घडवून दाखवता आलं नाही’ असा शेरा मारून मी ती तक्रार बंद केली. तक्रार खरी होती. कंपायलर प्रत्येक बिल्डमध्ये तेच सांगत होता, आणि ती वॉर्निंग मी दरवेळी नजरेआड केली होती.

(दृश्य: कर्सर फ्लॅगांच्या यादीवर. एक शब्द टाइप होतो, मग पुसला जातो.)

इथे एक सोपी वाट आहे. ‘एफपरमिसिव्ह’ नावाचा फ्लॅग, म्हणजे कंपायलरला द्यायची सूचना, लावला की चौदावा जीसीसी या एररला पुन्हा वॉर्निंग करतो. एका शब्दात बिल्ड हिरवं. शेकडो पॅकेजं नव्या कंपायलरवर न्यायची असतात तेव्हा हा फ्लॅग लावावासा वाटतो, आणि तात्पुरता लावणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पण तो लावला तर अर्धा पत्ता अर्धाच राहतो. ज्याचा प्रोग्राम कोसळत होता, त्याचा कोसळतच राहतो.

मग दुरुस्ती करायची कुठे? वेळेच्या फंक्शनांची ओळख करून देणारी हेडर फाईल, टाइम डॉट एच, कोडमध्ये आधीपासून जोडलेली आहे. नवखा माणूस इथेच अडकतो: हेडर आहे, फंक्शन हेडरमध्ये आहे, तरी कंपायलरला दिसत नाही. कारण हेडरच्या आत दारं आहेत. स्ट्रपीटाइम ज्या दारामागे आहे, ते ‘एक्सओपन सोर्स’ हा मॅक्रो, म्हणजे कोडमध्ये लिहायचं एक खुणेचं नाव, आधी जाहीर केला तरच उघडतं. आणि ‘आधी’ म्हणजे हेडर जोडणाऱ्या अगदी पहिल्या ओळीच्या, म्हणजे इन्क्लूडच्या, वर. एक ओळ खाली गेला तरी उपयोग नाही.

मॅक्रो लिहिला. पुन्हा बिल्ड.

(दृश्य: नवी एरर. ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन स्ट्रसेप’.)

एक दार उघडलं, दुसरं बंद झालं. स्ट्रसेप हे ओळीचे तुकडे करणारं फंक्शन आतापर्यंत नीट दिसत होतं, कारण काहीच जाहीर केलं नसेल तर ग्लिबसी, म्हणजे सीच्या तयार फंक्शनांची मूळ लायब्ररी, आपणहून एक ठरावीक संच खुला ठेवते. तुम्ही स्वतः एखादं नाव घेतलंत, की ती फक्त तेवढंच देते आणि बाकीचं मिटून घेते. यावरचा रुळलेला उपाय ‘ग्नू सोर्स’ हा मॅक्रो. त्यात दोन्ही येतात. तो आधीच कुणी जाहीर केला असेल तर पुन्हा करायचा नाही, म्हणून वर एक अट आणि खाली तिचा शेवट. एकूण तीन ओळी. त्या लिहायला मिनिटसुद्धा लागत नाही. कुठल्या तीन, हे कळायला माझी दुपार गेली.

बिल्ड पूर्ण झालं. चाचण्या पास झाल्या. पण पॅकेज अजून पुढे पाठवायचं नाही.

(दृश्य: दोन फायलींची तुलना. शेकडो सारख्या ओळी. मध्येच एक वेगळी: एका बाजूला ‘येस’, दुसऱ्या बाजूला ‘नो’.)

जी एरर ओरडते तिची मला फारशी भीती वाटत नाही. मला धास्ती असते ती न ओरडणाऱ्या एररची. बिल्डच्या सुरुवातीला ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट चालते. ती इवलेइवले प्रोग्राम लिहून कंपाइल करून पाहते. झाला कंपाइल, तर ती सोय या मशीनवर आहे. नाही झाला, तर नाही. हे इवले प्रोग्राम जुन्या स्क्रिप्टांमध्ये जुन्याच ढंगात लिहिलेले असतात: ‘मेन’च्या आधी इंट नाही, ‘एक्झिट’साठी हेडर नाही. नवा कंपायलर ते नाकारतो. कॉन्फिगर त्याचा अर्थ घेते, सोय उपलब्ध नाही. कुठेही लाल अक्षर उमटत नाही. बिल्ड शेवटपर्यंत जातं, पॅकेज तयार होतं, फक्त त्यातून दाबलेल्या फायली वाचायची क्षमता गुपचूप गळून पडलेली असते.

आमच्याकडे तेच झालं होतं. दाबलेल्या फायली वाचणारी लायब्ररी, झेडलिब, मशीनवर होती, आणि कॉन्फिगर सांगत होती की नाही.

म्हणून कंपायलर बदलला की मी जुना आणि नवा कॉन्फिगचा लॉग समोरासमोर ठेवतो आणि ‘येस’चं ‘नो’ कुठे झालंय ते शोधतो. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय मला सापडलेला नाही. इथे स्क्रिप्टच ऑटोकॉन्फ या कॉन्फिगर बनवणाऱ्या साधनाच्या नव्या आवृत्तीनं पुन्हा तयार केली, लेखकानं हातानं लिहिलेली एक तपासणी दुरुस्त केली, आणि झेडलिब परत आली.

(दृश्य: रिकामं टर्मिनल. एकेक पॅकेज उतरून बसू लागतं.)

आता डिपेंडन्सी, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या बाहेरच्या गोष्टी. माझ्या मशीनवर वर्षानुवर्षांच्या कामाच्या लायब्रऱ्या साठलेल्या आहेत. इथे बिल्ड झालं याचा अर्थ एवढाच, की इथे झालं. म्हणून खरं बिल्ड कोऱ्या जागेत करतात. डेबियनमध्ये त्यासाठी एसबिल्ड आहे, फेडोरात मॉक. आत फक्त मूलभूत साधनं, आणि पॅकेजनं ‘मला हे लागतं’ म्हणून लिहून दिलेलं तेवढंच. लिहायचं राहिलं, तर ते आत नसतं. आमच्या यादीत पीकेजी-कॉन्फिग, म्हणजे लायब्ररी कुठे आहे ते सांगणारं साधन, लिहिलेलंच नव्हतं. इतके दिवस ते दुसऱ्याच एका पॅकेजबरोबर आपोआप यायचं. त्या पॅकेजनं ते ओझं उतरवलं, आणि आमचं बिल्ड उघडं पडलं.

यादी लिहिणं सोपं वाटतं, पण प्रत्येक नोंद म्हणजे एक अट असते. अमुक आवृत्तीपासून पुढचं, तमुकबरोबर नको, या दोनपैकी कुठलंही एक. अशा अटींचा संच एकत्र बसतो की नाही हे ठरवणं, गणिताच्या भाषेत एनपी-कम्प्लीट प्रश्न आहे. म्हणजे सगळ्याच प्रसंगी झटपट चालेल अशी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. डेबियनच्या बाराव्या आवृत्तीत ६४ हजारांहून जास्त पॅकेजं आहेत. एका कमांडमध्ये हवा तो प्रोग्राम मशीनवर बसतो, त्याच्यामागे हजारो माणसांनी हातानं नीट लिहिलेल्या या अटी आहेत.

अटी जुळेनाशा झाल्या की काय होतं, ते ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या वेळी दिसलं. २०१६ मध्ये १.१ आवृत्ती आली आणि तिनं आपल्या आतल्या रचना बाहेरच्या प्रोग्रामांपासून झाकून घेतल्या. बदल योग्यच होता. पण त्या रचनांमध्ये थेट हात घालणारे असंख्य प्रोग्राम एका रात्रीत कंपाइल होईनात. डेबियन ९ ला शेवटी जुनी आणि नवी, दोन्ही आवृत्त्या सोबत द्याव्या लागल्या. यात एक खोच असते. एक प्रोग्राम दोन लायब्रऱ्यांवर उभा, त्यातली एक जुन्या ओपनएसएसएलवर आणि दुसरी नव्या. बिल्डच्या वेळी सगळं जुळल्यासारखं दिसतं. चालताना एकाच प्रोसेसमध्ये दोन्ही येतात, आणि कधी काय होईल ते सांगता येत नाही.

यावर पुष्कळ जण लायब्ररीची प्रत आपल्याच कोडमध्ये टाकून मोकळे होतात. डिपेंडन्सीचा प्रश्नच मिटला असं वाटतं. मार्च २००२ मध्ये झेडलिबमध्ये सुरक्षेचा दोष सापडला, तेव्हा याची किंमत कळली. जिथे लायब्ररी एकाच जागी होती, तिथे एक पॅकेज बदललं आणि काम झालं. ज्यांनी प्रत पोटात ठेवली होती, ते प्रोग्राम आधी शोधून काढावे लागले आणि मग एकेक करून दुरुस्त करावे लागले. म्हणून मूळ लेखकानं सोबत दिलेली झेडलिब मी बिल्डच्या आधी काढून टाकतो आणि वितरणाचीच जोडतो.

आणखी एक सवय मला २०२४ नंतर लागली. त्या वर्षी २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या फायली दाबणाऱ्या लायब्ररीत लपवलेलं चोरदार उघड केलं. एसएसएचचं, म्हणजे दूरच्या मशीनवरचं, लॉगिन अर्ध्या सेकंदानं रेंगाळतंय, एवढ्याशा खुणेवरून ते माग काढत गेले होते. ते दार जागं करणारी एक स्क्रिप्ट सगळ्यांना दिसणाऱ्या गिट भांडारात नव्हतीच. ती फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे कोडच्या बांधलेल्या गठ्ठ्यात, होती. तेव्हापासून टारबॉल हातात आला की तो भांडारातल्या त्याच आवृत्तीच्या टॅगशी ताडून पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

(दृश्य: ईमेल लिहिण्याची खिडकी. खाली पॅच जोडलेला.)

तीन ओळी आता माझ्या पॅकेजच्या पॅचेस फोल्डरमध्ये आहेत. पॅच म्हणजे मूळ कोडवर चढवायची छोटी दुरुस्ती. पॅचच्या माथ्यावर ‘फॉरवर्डेड’ असा एक रकाना असतो, मूळ लेखकाकडे पाठवला का ते लिहिण्यासाठी. तो रिकामा ठेवला तरी पॅकेज बनतंच. पण मग हीच दुरुस्ती प्रत्येक वितरणातला कुणीतरी वेगवेगळी करत बसतो, आणि आपापल्या फोल्डरात ठेवतो. नवा कंपायलर येण्याच्या आधीच फेडोरा आणि जेंटूमधल्या लोकांनी जुने प्रोग्राम चाळून अपस्ट्रीमला, म्हणजे मूळ लेखकांना, पॅच पाठवायला सुरुवात केली होती. मला पुढच्या कितीतरी पॅकेजांत दुरुस्ती आयती मिळाली, ती त्यांच्यामुळे.

मी मूळ लेखकाला लिहिलं. काय मोडलं, का मोडलं, एक्सओपन का पुरत नाही, टाइमझोनच्या तक्रारीचा याच्याशी काय संबंध. उत्तराची फारशी आशा नव्हती. अकरा दिवसांनी आलं. पॅच घेतला होता, आणि सोबत एक प्रश्न होता: चौसष्ट बिटांवर आणखी कुठे काही कापलं जातंय का, ते तपासून पाहाल का? आम्ही दोघांनी मिळून सगळ्या फायली पाहिल्या. आणखी एक जागा सापडली.

त्यानंतर नवी आवृत्ती निघाली. तिचं बिल्ड मी एकही जास्तीचा फ्लॅग न लावता केलं. टाइमझोनची ती जुनी तक्रार पुन्हा उघडली, खाली खरं कारण लिहिलं, आणि या वेळी ‘दुरुस्त’ म्हणून बंद केली.

(दृश्य: ‘सिरीज’ नावाची छोटी फाईल. चार पॅचची नावं, चार ओळी.)

मग पॅचेस फोल्डरमधली ही फाईल उघडली, आणि तीन ओळींच्या पॅचचं नाव तिच्यातून खोडलं.

(दृश्य: तीन ओळी उरतात. फाईल सेव्ह होते.)