काचपट्टीवरचा थेंब

(पडद्यावर सूक्ष्मदर्शकातलं दृश्य. पार्श्वसंगीत नाही.)

ओलं पान वाळूत पडावं आणि त्याच्या कडा कणांनी झाकून जाव्यात, तसं दिसतंय ना हे? ही योनीमार्गाच्या अस्तरातली एक पेशी आहे, ४०० पट मोठी करून दाखवलेली. तिला चिकटलेले कण म्हणजे जिवाणू. लॅबमधली माणसं हिला ‘क्ल्यू सेल’ म्हणतात, सुगावा देणारी पेशी.

सुगावा बॅक्टेरियल व्हजायनोसिसचा, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा समतोल बिघडल्याचा. नाव अवघड आहे, पण आजार सर्रास आढळणारा. जगभरात प्रजननक्षम वयातल्या साधारण २३ ते २९ टक्के स्त्रियांमध्ये तो सापडतो. त्यातल्या निम्म्या जणींना काहीच त्रास जाणवत नाही. उरलेल्यांपैकी कितीतरी जणी तो मुकाट अंगावर काढतात.

(दृश्य: मांडीवर ठेवलेले दोन हात. बोटांत केस पेपर.)

चेहरा दाखवायचा नाही, एवढी एकच अट हिनं घातली. अंगावरून पातळ, राखाडीसर पांढरं जातं. माशासारखा वास येतो, संबंधानंतर जास्तच. आग नाही, खाज फारशी नाही. वास आला म्हणजे आपण अस्वच्छ, असं धरून हिनं धुणं वाढवलं. आधी साबण, मग सुगंधी वॉश, मग आतून पाण्याचा फवारा. वास वाढतच गेला.

तो का वाढला, हे कळायला निरोगी योनीत काय चालतं ते पाहावं लागेल.

(दृश्य: दुसरी काचपट्टी. स्वच्छ कडांच्या पेशी, मधे लांबट काड्या.)

या काड्या म्हणजे लॅक्टोबॅसिलस. अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी १८९२ मध्ये त्यांचं वर्णन केलं. अस्तरातल्या ग्लायकोजेनपासून तयार होणाऱ्या साखरेवर हे जिवाणू जगतात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. त्यामुळे तिथला पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साधारण ३.८ ते ४.५ राहतो; आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त. एवढ्या आंबटपणात बाकीच्या जिवाणूंचं फारसं चालत नाही. म्हणजे सफाईची व्यवस्था आतच आहे, आणि फवारा मारला की पहिल्यांदा वाहून जाते तीच. बाहेरून साधं पाणी पुरतं. ‘इंटिमेट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या गुलाबी बाटल्यांची गरज योनीपेक्षा विकणाऱ्यांनाच जास्त आहे.

(दृश्य: पीएच पट्टी. पिवळा रंग हिरवट होत जातो.)

आता ही पट्टी बघा. पीएच ४.५ च्या वर गेलाय. पण पाळीचं रक्त किंवा वीर्य असलं तरी पट्टी असाच रंग दाखवते, म्हणून एकट्या पट्टीवर निदान होत नाही.

पुढचा थेंब पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, १० टक्क्यांचा. हा अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट. स्राव अल्कलीत मिसळला की त्यातली अमाइन्स, म्हणजे माशासारखा वास देणारी रसायनं, वायू होऊन सुटतात. वीर्यही अल्कलीकडे झुकणारं, म्हणून संबंधानंतर वास वाढतो. कॅमेऱ्याला वास टिपता येत नाही. तंत्रज्ञ ताईंच्या नाकाकडे बघा.

(दृश्य: जवळून, काही क्षण निवेदन नाही.)

एकसारखा पातळ स्राव, वाढलेला पीएच, हा वास आणि पाचातली निदान एक पेशी क्ल्यू सेल. या चारपैकी तीन गोष्टी जुळल्या की निदान पक्कं. १९८३ पासून वापरात असलेल्या या कसोट्यांना ‘ॲमसेल’ कसोट्या म्हणतात. एक काचपट्टी, एक पट्टी, एक थेंब. काही मिनिटांचं काम. तरीही अंगावरून जातंय म्हटलं की न तपासताच बुरशीवरची गोळी हातात पडते. बुरशी असेल तर स्राव दह्याच्या कवड्यांसारखा घट्ट असतो, खाज सहन होत नाही. इथे तसं काही नाही, आणि ती गोळी या आजारावर चालत नाही.

हा आजार ओळखायलाच वेळ लागला. १९५५ मध्ये ह्यूस्टनच्या गार्डनर आणि ड्यूक्स या डॉक्टरांनी यामागचा जिवाणू सापडल्याचं जाहीर केलं. आज त्याला गार्डनेरेला म्हणतात. पुरावा म्हणून त्यांनी निरोगी स्त्रियांच्या योनीत तो जिवाणू सोडला! आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही. नुसता जिवाणू सोडलेल्या १३ जणींपैकी एकीलाच आजार झाला, पण रुग्णाचा स्राव थेट सोडलेल्या १५ पैकी ११ जणींना झाला. गार्डनेरेला एकट्यानं येत नाही, टोळीनं येतो, हे त्या आकड्यांतच होतं. २००५ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी दाखवलं की ही टोळी अस्तरावर थर धरून बसते, पाण्याच्या टाकीला आतून शेवाळ धरावं तशी.

(दृश्य: गोळ्यांची पट्टी, मलमाची ट्यूब.)

या थरापर्यंत पोचायला अँटिबायोटिक लागतं. मेट्रोनिडॅझोल ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, ७ दिवस. नाहीतर त्याचंच जेल ५ रात्री, किंवा क्लिंडामायसिनचं क्रीम ७ रात्री. गोळीनं तोंडाला धातूची चव येते, मळमळतं. दोन दिवसांत वास गेला म्हणून मधेच सोडू नये. क्रीमच्या काळात कंडोमवर भिस्त ठेवू नये, त्यातल्या तेलानं रबर कमजोर होतं.

मग घरगुती उपाय? लसणाची पाकळी आणि टी ट्री तेल नाजूक अस्तराला पोळू शकतात. दह्यातले जिवाणू वेगळ्या जातीचे, ते तिथे मुक्काम करत नाहीत. बोरिक ॲसिडची योनीत ठेवायची कॅप्सूल वारंवार होणाऱ्या आजारात डॉक्टर जोडीला देतात, पण ती पोटात गेली तर विष आहे आणि गरोदरपणात वर्ज्य. लॅक्टिक ॲसिड जेलची मात्र नीट परीक्षा झाली आहे. २०२२ च्या ब्रिटिश चाचणीत त्यानं ४७ टक्के स्त्रियांची लक्षणं गेली, मेट्रोनिडॅझोलनं ७० टक्के. अगदीच टाकाऊ नाही, पण बरोबरीचंही नाही.

दुखणं बरं होतं, पण परत येतं, वर्षभरात निम्म्याहून जास्त जणींना. म्हणून निरोगी जिवाणूच परत पेरायचे प्रयत्न चालू आहेत. २०२० च्या चाचणीत मेट्रोनिडॅझोलनंतर लॅक्टोबॅसिलस क्रिस्पेटस दिलेल्या गटात १२ आठवड्यांत ३० टक्के जणींना आजार उलटला, नुसत्या दिखाऊ औषधाच्या गटात ४५ टक्के.

(दृश्य: डॉक्टरांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या. दोन्हींवर माणसं, फक्त पाठी दिसतात.)

दुसरी खुर्ची इतकी वर्षं रिकामीच असायची. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नवऱ्याला किंवा जोडीदारालाही ७ दिवस गोळ्या आणि लावायचं क्रीम दिलं. १२ आठवड्यांत त्या गटात ३५ टक्के स्त्रियांना आजार परतला, एकट्या बाईवर उपचार केलेल्या गटात ६३ टक्के. फरक एवढा उघड होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली.

उपचाराविना राहिलं तर वेळेआधी प्रसूती, गर्भाशयापर्यंत संसर्ग, एचआयव्हीसारखे लैंगिक आजार लागणं, या सगळ्यांचा धोका वाढलेला आढळतो. म्हणून गरोदर बाईनं लक्षणं दिसताच तपासून घ्यावं.

(दृश्य: सूक्ष्मदर्शक. नेत्रभिंगाकडे झुकलेलं डोकं, पाठीवर वेणी.)

लक्षणं गेली की एरवी पुन्हा तपासायला यावं लागत नाही. ही आली, कारण तिला आपली काचपट्टी स्वतः बघायची होती. काड्या दिसताहेत का, डॉक्टर विचारतात.

(फक्त खोलीतला आवाज. दृश्य हळूहळू अंधारतं.)